ब्युटी वर्ल्ड व्हाया सुरगाणा

"तू जंगलात वाढलायस ना? मग ने की आम्हाला!"

सोमवारी सकाळी साडेदहाला, कॉफी मशीनच्या रांगेत कुणी असं म्हणालं तर माणूस काय करतो? मी 'बघू' म्हणालो. ऑफिसात 'बघू'चा अर्थ सिक्युरिटीवाल्या काकांपासून व्हाइस प्रेसिडेंटपर्यंत सगळ्यांना कळतो. फक्त आमच्या गूगलताईला कळत नाही. (हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण विषय कुठलाही काढा, दीड मिनिटात तिच्याकडे त्याची उंची, वजन आणि लॅटिन नाव तयार.) तिने तिथल्या तिथे मोबाइलवर कॅलेंडर उघडलं आणि विचारलं, "जानेवारीचा शेवटचा वीकेण्ड की फेब्रुवारीचा पहिला?"

चूक माझीच. नव्या प्रोजेक्टवर गेलं की एचआरवाले सगळ्यांना गोल करून बसवतात आणि 'स्वतःबद्दल एक इंटरेस्टिंग गोष्ट सांगा' म्हणतात. कुणी गिटार वाजवतं, कुणी बुलेटवर लडाखला जाऊन आलेलं असतं. माझ्याकडे असलं काही नसल्यामुळे मी ठोकून देतो, 'आय ग्रू अप इन अ जंगल.' टाळ्या पडतात. अगदीच खोटं नाही ते. वडील नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यात आश्रमशाळेवर शिक्षक होते. पहिली ते सातवी मी तिथल्या एका पाड्यावर काढली. सुरगाणा म्हणजे जिल्ह्याचं पार वायव्येचं टोक. डोंगर उतरला की गुजरात, डांग, वांसदा. पावसाळ्यात चार महिने धो धो, आणि एप्रिल उजाडला की विहिरीवर हंड्यांची रांग. आठवीला आम्ही नाशिकला आलो, मग पुणे, मग कॅम्पस इंटरव्ह्यू, मग हा एसी.

पण ताईला माझं जंगल अचानक का आठवलं, हे सांगायचं तर आधी सिंगापूरला जायला हवं.

मागच्या वर्षी आम्ही दोघं तीन आठवड्यांसाठी तिथल्या क्लायंटकडे होतो. पहिल्या रविवारी मॉल झाला. दुसऱ्या रविवारी दुसरा मॉल. तिसऱ्या रविवारी ताईने फर्मान काढलं, आज रेनफॉरेस्ट. मी म्हटलं, इथे कुठलं आलंय रेनफॉरेस्ट, इथे कुंडीतल्या तुळशीलाही नंबरप्लेट असेल. पण आहे! बुकित तिमा. मेट्रोने 'ब्युटी वर्ल्ड' नावाच्या स्टेशनावर उतरायचं (मला वाटलं, फेशियलचं दुकान), उंच उंच सोसायट्यांच्या मधून थोडं चालायचं, आणि समोर एकदम अंधारं, ओलं, घनदाट जंगल. टेकडी अवघी १६३ मीटर उंच. पर्वतीवर रोज जाणाऱ्या आजोबांना घामही फुटणार नाही. जंगल म्हणाल तर दीड चौरस किलोमीटरपेक्षा जरासं जास्त. आमच्या आयटी पार्कात बसेल एवढं.

पण जंगल खरं आहे. नंतर लावलेलं नाही, आधीपासून उरलेलं. सगळ्या बेटावर मिरीचे आणि गँबियरचे मळे होत गेले, झाडं तुटत गेली, आणि १८८३ साली ही टेकडी राखीव केली म्हणून वाचली. त्याच्याही आधी, १८५४ मध्ये, आल्फ्रेड रसेल वॉलेस इथे येऊन राहिला होता. तोच तो, डार्विनच्या बरोबरीने उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणारा. दोन महिन्यांत त्याने इथे भुंगेऱ्यांच्या सातशे जाती गोळा केल्या. गंमत म्हणजे त्याला एवढे भुंगेरे मिळाले ते लाकूडतोड्यांच्या कृपेने. तोडलेली झाडं, वाळलेल्या फांद्या, भुसा, ही सगळी भुंगेऱ्यांची मेजवानी. त्या काळी इथे वाघ माणसं उचलायचे, वॉलेसला चालताना वाघांसाठी खणलेल्या खड्ड्यांची धास्ती वाटायची. सिंगापुरातला शेवटचा रानातला वाघ १९३० साली मारला गेला. आणि १९३२ मध्ये टायगर बीअर बाजारात आली. वाघ गेला, ब्रँड राहिला.

हे सगळं आम्हाला सांगत होत्या आमच्या गाइडबाई. साठी उलटलेल्या, टोपी घातलेल्या, स्वखुशीने हे काम करणाऱ्या. त्यांनी एका खोडाकडे बोट दाखवलं. मला तिथे ओलं पायपुसणं वाळत घातल्यासारखं काहीतरी दिसलं. पायपुसण्याने डोळे उघडले. तो होता कोलुगो. मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत कातडीचा पडदा, तो पसरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाणारा प्राणी. ताईचा आवाजच बंद झाला, आणि हे मी तीन वर्षांत प्रथमच पाहत होतो. माकडांना काही खायला देऊ नका, पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, असंही बाईंनी बजावलं. ताईने लगेच बॅगेतली चकली अजून खाली ढकलली.

या जंगलाचं दुखणं वेगळंच आहे. शेजारी पाणलोटाचं मोठं जंगल आहे, पण १९८०च्या दशकात दोघांच्या मधून एक्स्प्रेस वे गेला. बेटावर आणखी एक बेट. प्राणी रस्ता ओलांडताना मरायला लागले. शेवटी २०१३ मध्ये त्या रस्त्यावर खास प्राण्यांसाठी पूल बांधला, वर माती टाकली, झाडं लावली. आता त्यावरून खवलेमांजरं ये-जा करतात. इथे आपल्याकडे माणसांच्या पादचारी पुलावर चढायला कुणी तयार नसतं.

आणि मग तो दिसला.

काळाकुळकुळीत, कपाळावर तुरा, आणि शेपटीच्या दोन टोकांना दोन लांब तारा, तारांच्या टोकाला एकेक पीस. उडाला की वाटतं, याच्यामागे दोन भुंगे लागलेत. भृंगराज. इंग्रजी नाव ताईने सांगितलंच. बाई म्हणाल्या, हा पक्का नकलाकार, दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. ताईच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "हा तुमच्याकडेही असतो का रे?"

"असतो," मी म्हणालो.

"तू बघितलायस?"

"हो."

"जवळून?"

मी बुटाची लेस बांधायला खाली वाकलो.

तेवढ्यात बाई आपल्या लहानपणाबद्दल बोलायला लागल्या. त्यांचं गाव इथेच होतं, आता तिथे टॉवर्स आहेत. लहानपणी त्या झुडपांतून कोळी पकडायच्या, काड्यापेटीत ठेवायच्या आणि त्यांच्या झुंजी लावायच्या. "हरलेला कोळी फेकून द्यायचो आम्ही," बाई हसत म्हणाल्या. "आता मी लोकांना सांगते, कोळ्याला हात लावू नका." किती सहज सांगितलं त्यांनी! मला तेवढंही जमलं नाही.

तर ती गोष्ट अशी.

मी चौथीत होतो. माझा एक दोस्त होता, अजूनही आहे. त्याचं घर शाळेला लागून. तो वर्गात कच्चा आणि बाहेर मास्टर. गलोल करावी तर त्यानेच. दुबेळक्याची फांदी तो आठ-आठ दिवस शोधायचा, सायकलच्या फुटक्या ट्यूबचं रबर, जुन्या चपलेचं कातडं. नदीतले गोल खडे आम्ही खिशात भरून फिरायचो. होले, बुलबुल, कधी नशिबात असलं तर तितर. भाजायचे, मीठ लावायचं, खायचे. तिथली सगळीच पोरं करायची. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, फक्त वडिलांना वाटायचं, म्हणून मी त्यांना सांगायचो नाही.

दिवाळीच्या सुट्टीत, वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही वाघदेवापाशी होतो. वाघदेव तुम्ही पाहिलाय का? आमच्याकडे गावाच्या शिवेवर असतो. दगडाचा नाहीतर लाकडाचा, त्यावर वाघ, नाग, सूर्य, चंद्र कोरलेले, वरून शेंदूर. गुराखी वाघबारशीला त्याची पूजा करतात, नैवेद्य दाखवतात, की बाबा, आमची गुरं सांभाळ. तिथल्या आंब्यावर तो शेपटीवाला येऊन बसला. (आम्ही त्याला शेपटीवालाच म्हणायचो. भृंगराज हे नाव मला पुण्यात पुस्तकात कळलं.) दोघांनीही नेम धरला. दोन्ही रबरं एकदम सुटली. तो खाली पडला तेव्हा जिवंत होता. माझ्याकडे बघत होता असं मला वाटलं, आता वाटतं तो कुणाकडेच बघत नसेल. दोस्ताने मान पिरगाळली. मांस निघालं मूठभर. शेपटीची दोन पिसं आम्ही वाटून घेतली. माझं मी बालभारतीच्या पुस्तकात ठेवलं. घरी येताना वाघदेवापुढे चार आणे ठेवले, बहुधा तोंड बंद ठेवण्याचे.

आठवड्याने वडिलांनी पुस्तक उघडलं. "हे कुठून आणलंस?"

"सापडलं."

त्यांनी पीस परत जागेवर ठेवलं आणि पान मिटलं. बस, एवढंच. ओरडले असते तर मी विसरूनही गेलो असतो.

तर अशा माणसाला ताई म्हणत होती, ने की आम्हाला जंगलात.

शेवटी फेब्रुवारीचा पहिला वीकेण्ड ठरला. मी, ताई, आणि टेस्टिंगमधला एक जण, ज्याला आम्ही लेन्स म्हणतो, कारण त्याच्या कॅमेऱ्याची लेन्स त्याच्या हातापेक्षा लांब आहे. लेन्सला बिबट्या हवा होता. मी त्याला रस्ताभर समजावत होतो, की बाबा, हे ताडोबा नव्हे.

नाशिक सोडलं, दिंडोरी, वणी, डावीकडे द्राक्षबागा, मग सप्तशृंगीचा डोंगर मागे पडला आणि घाट लागला. बोरगाव-हातगडच्या बाजूला रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीचे ढीग. हो, स्ट्रॉबेरी! माझ्या लहानपणी इथे नागली आणि वरई पिकायची. स्ट्रॉबेरी म्हणजे फक्त पेन्सिलच्या रबराचा वास. ताईने तीन बॉक्स घेतले, गाडीतच दोन संपले. पुढे सरळ गेलं की सापुतारा. तिथे बोटिंग आहे, रोपवे आहे आणि त्या सगळ्यासाठी लांबलचक रांग आहे, म्हणून आम्ही वळलो.

दोस्त दारात उभा होता. खरं तर या दिवसांत तो इथे नसतोच. जानेवारी ते एप्रिल तालुक्यातली निम्मी माणसं दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामावर. तो माझ्यासाठी दोन दिवसांचे खाडे करून आला होता. हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. घरात ती सगळी आपसात कोकणीत बोलतात. (ही गोव्याची कोकणी नव्हे, ही आमची डांगाकडची. ताईने विचारायच्या आधीच सांगितलं.) मावशी म्हणजे त्याची आई, अजून खुटखुटीत. "गुरुजीचा पोरगा आला," एवढं म्हणून तिने चुलीवर तवा टाकला. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, मिरचीचा ठेचा. लेन्सने भाकरीचे चौदा फोटो काढले आणि दीड भाकरी खाल्ली.

दुपारी रानात गेलो आणि माझी पंचाईत सुरू झाली. कारण रान गप्प होतं.

तुम्ही म्हणाल, दुपारी पक्षी गप्पच असतात. असतात. पण गप्प असणं आणि नसणं यातला फरक कानाला कळतो. सागाची वाळकी पानं पायाखाली कर्रकर्र वाजत होती, उतारावर वरईचे रिकामे तुकडे, मधे मधे ऐन, कुडा, मोह. तासाभरात लेन्सला मिळाले एक कावळा, एक कोतवाल आणि एक सरडा. आणि तीन पोरं, गळ्यात माळ घातल्यासारखी गलोल अडकवलेली. त्यातला एक दोस्ताचा मुलगा. चौथीत आहे.

ताई थबकली. "अरे, हे इल्लीगल आहे! १९७२चा वन्यजीव कायदा..."

मी मेलो. दोस्त मात्र शांत होता. म्हणाला, "कायदा माहितीय ताई. आमच्याकडे सगळ्यांना कायदे माहिती असतात. २००६चा पण माहितीय."

२००६चा म्हणजे वनहक्क कायदा. पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली वनजमीन कसणाऱ्याच्या नावावर करायची, असा तो कायदा. दोस्ताच्या वडिलांनी अर्ज केला होता. वडील गेले, अर्ज आहे. कसत होते चार एकराच्या आसपास, कागदावर मंजूर झाली त्यातली काही गुंठे. २०१८च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला होता, आठवतो? लाल टोप्या, सोललेल्या पायांचे फोटो. सहा दिवस, १८० किलोमीटर. मुलांची दहावीची परीक्षा आहे म्हणून शेवटची मजल मोर्चाने रातोरात चालून काढली होती. त्या फोटोंना आम्ही पुण्यात बसून लाइक केलं होतं. दोस्त त्यात चालत होता. मला त्याने तेव्हा सांगितलंही नव्हतं, मी तरी कुठे विचारलं होतं?

"तुम्ही जंगल वाचवा म्हणता," तो ताईला म्हणाला, "तेव्हा इथल्या म्हातारीला पहिलं काय वाटतं माहितीय? आता आपल्याला काढणार. वाघ यायच्या आधी आमच्या उठवण्याची बातमी येते. पक्षी आम्हाला नको आहेत असं नाही. पण पोराच्या हातातली गलोल काढून घेतली तर मी त्याला काय देऊ? मटण आणू आठवड्याला?"

ताईकडे दीड मिनिटात उत्तर नव्हतं. तिने मोबाइलही काढला नाही. मी बोलणार होतो, की अरे, पण तुमच्या घरात आता टीव्ही आहे, बाइक आहे, कुणी पक्षी खाऊन पोट भरत नाही, पोरं खेळ म्हणून मारतात. हे खरंही आहे. पण ज्याने स्वतः खेळ म्हणूनच मारला त्याने ते कुठल्या तोंडाने बोलायचं?

रात्री अंगणात बसलो. इथलं पाणी कुठे जातं यावर गप्पा निघाल्या. अंबिका नदी याच तालुक्यात, कोटंबी गावाजवळ उगम पावते आणि थेट गुजरातेत उतरते. पाऊस आमचा, धरणं पलीकडे. २०२२च्या अखेरीला इथल्या काही गावांनी 'आम्हाला गुजरातेत टाका' म्हणून मागणी केली होती, पेपरात मोठं छापून आलं होतं. दोस्त म्हणाला, रस्त्याचा डांबर जिथे गुळगुळीत होतो तिथे गुजरात सुरू, बोर्ड वाचायची गरज नाही. लेन्स म्हणाला, उद्या त्या गुळगुळीत रस्त्यानेच जाऊ.

रविवारी पहाटे वांसद्याला निघालो. मुलगाही मागे बसला. शर्टाच्या आत काहीतरी टोचत होतं त्याला. मी बघितलं, तो खिडकीबाहेर बघायला लागला.

वांसदा राष्ट्रीय उद्यान हे आपल्या गोष्टीतलं दुसरं बेट. पूर्वी वांसदा संस्थानच्या राजांचं हे जंगल. १९५२पासून इथे झाडतोड झालेली नाही, १९७९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्र सुमारे २४ चौरस किलोमीटर. बुकित तिमाच्या पंधरापट, पण आपल्या देशाच्या मानाने रुमालाएवढं. चहूबाजूंनी गावं, शेतं, रस्ते, आणि अंगाला लागून तीच आमची अंबिका. रेनफॉरेस्ट म्हणता येणार नाही, हे पानगळीचं दमट जंगल. पण सुरगाण्याच्या उघड्या उतारावरून आत शिरलं की एखाद्या मोठ्या वाड्यात आल्यासारखं थंडगार वाटतं. बांबूची बेटं अशी दाट, की खाली सकाळी आठलाही संध्याकाळ. साग असे, की मान मागे टाकावी लागते. माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलेलं जुनं सुरगाणा असंच असणार.

आणि आवाज! दार उघडल्यावर शाळा सुटल्याचा गलका कानावर यावा तसा. दोन झाडांच्या मधे तळहाताएवढ्या कोळिणीचं जाळं होतं, पिवळसर, सकाळच्या उन्हात चमकणारं. ताई म्हणाली, सिंगापूरच्या बाई असत्या तर काड्यापेटीत मावली नसती. लेन्सला बिबट्याची विष्ठा मिळाली. तिचेही त्याने चौदा फोटो काढले.

चालता चालता ताईने रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली, आणि ही मात्र सॉलिड आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड १८७३ मध्ये शास्त्राला माहीत झालं, १८८४ नंतर कुणालाच सापडलं नाही. संपलं असं लोक धरून चालले. मधे एका ब्रिटिश कर्नलने १९१४ मध्ये आपण एक मारल्याचा दावा केला होता, तो नमुना त्याने संग्रहालयातून ढापून नवी चिठ्ठी चिकटवलेला निघाला! मग १९९७च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि तिच्या साथीदारांना शहाद्याजवळ तो दिसला. ११३ वर्षांनी. भर दिवसा, पानं झडलेल्या झाडावर बसलेला. पुढे मेळघाटात, तानशाला, इकडे डांगातल्या पूर्णा अभयारण्यातही मिळाला.

दोस्त म्हणाला, "हरवला होता म्हणजे कुणासाठी? तिथल्या गुराख्याला कुणी विचारलं होतं का?"

यावर हसणार तेवढ्यात मागून मुलगा म्हणाला, "गप."

उजवीकडे वर एक शिक्रा ओरडला. मग बुलबुल. मग मांजरासारखं काहीतरी. लेन्स तिन्ही दिशांना लेन्स फिरवायला लागला. मुलगा त्याच्याकडे दयेने बघत म्हणाला, "एकच आहे तो." आणि त्याने तोंडात दोन बोटं घालून शीळ घातली. बारीक, वर चढत जाणारी. थोडं थांबून पुन्हा. तिसऱ्यांदा वरून तश्शीच शीळ आली. बांबूच्या मागून एक काळा पक्षी सुळकन आला आणि आमच्या डोक्यावरच्या फांदीवर बसला. कपाळावर तुरा. शेपटीला एक तार. एकच. दुसरी गळलेली असणार, गळतात, पुन्हा येतात, हे मला माहीत आहे. तरी माझ्या पोटात खड्डा पडला.

मुलाचा हात शर्टाच्या आत गेला होता. मी बघितलं, दोस्तानेही बघितलं. कुणी काही बोललं नाही. हात तिथेच थांबला. मग पक्षी उडून गेला आणि हात बाहेर आला, रिकामा.

परत येताना अंबिकेच्या काठी डबे उघडले आणि मी ताईला सगळं सांगून टाकलं. वाघदेव, आंबा, मान पिरगाळणं, बालभारती, सिंगापुरातली बुटाची लेस. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "चव कशी होती?"

"आठवत नाही."

"एक मिनिट," दोस्त भाकरी बाजूला ठेवून म्हणाला. "हा काय सांगतोय? ह्याने मारला? ताई, ह्याचा खडा आंब्याच्या खोडाला लागला होता! ह्याचा नेम आयुष्यात कधी लागलाय? तो माझा होता. पीस म्हटलं तर दिलं त्याला, गुरुजीचा पोरगा म्हणून."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. पंचवीस वर्षं जपलेली टोचणी, आणि हा म्हणतोय ती माझी नव्हेच! मी भांडलो. खरंच भांडलो, की मीच मारला होता. मावशीला विचार, वाघदेवाला विचार. लेन्स हसून हसून लोळत होता. मुलगा मात्र दोघांकडे आलटून पालटून, गंभीरपणे बघत होता.

निघताना मी दोस्ताला पाकीट दिलं. दोन दिवसांच्या खाड्याचे आणि वर थोडे. त्याने ते हातात धरून ठेवलं. "मजुरी म्हणून देतोस का?"

"तसं नाही रे..."

"गाइडची फी म्हणून दे. घेतो." आणि मोजून, त्यातल्या दोन नोटा मुलाला दिल्या. शीळ त्याची होती.

ताईने गाडीत बसायच्या आधी गळ्यातली दुर्बीण काढली आणि मुलाच्या गळ्यात घातली. त्याने ती उलटी धरून तिच्याकडे बघितलं, मग सुलटी. "गलोल देतोस त्याच्या बदल्यात?" तिने विचारलं. त्याने मान हलवली, नाही. तिने दुर्बीण परत घेतली नाही.

परवा रात्री, अगदी क्लायंट कॉलच्या मधे, दोस्ताचा फोन आला. म्यूट करून घेतला.

"तुझ्या ताईला सांग, पोराने शाळा बुडवायला सुरुवात केलीय. दिवसभर ते नळकांडं घेऊन फिरतो. वहीत चित्रं काढतो. काल म्हणे वाघदेवापाशी शेपटीवाला दिसला."

"दोन पिसांचा?"

"विचारलं नाही. तू येऊन विचार."

"आणि गलोल?"

"ती पण आहे ना गळ्यात," तो म्हणाला. "दोन्ही अडकवतो. एकाच बाजूला."